करंजशेत फाट्यावरचा कॅमेरा

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आदरणीय डॉक्टर नागसेन कासारेसाहेब. व्यासपीठावर विराजमान असलेले आरोग्य खात्याचे सन्माननीय अधिकारी. ज्यांच्यासाठी भातकापणी अर्धी टाकून आपण सगळे जमलो त्या सत्कारमूर्ती, श्रीमती अनुपमाताई पोतनीस. त्यांच्या शेजारी बसलेले, 'मी खालीच बरा' असं म्हणत असताना बाईंनी मनगटाला धरून वर आणलेले आमचे दीपेश कळंबे. पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या मातोश्री ठकूबाई. तपासणी केंद्रातल्या भगिनी आणि बंधू. पोलादपूरच्या खोऱ्यातून टेम्पो करून आलेले माझे करंजशेतचे ग्रामस्थ. आणि मागं इतक्या खुर्च्या रिकाम्या असताना दाराजवळच उभं राहणं पसंत केलेले माझे मित्रहो. आपणां सर्वांना सयाजी उतेकरचा नमस्कार.

मला दहा मिनिटं दिलेली आहेत. माजी सरपंचाला दहा मिनिटं म्हणजे नुसता घसा साफ करायला लागतात, पण प्रयत्न करतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे मधल्या रांगेतली कुजबुज थांबेल. पत्रिकेत प्रमुख वक्ता म्हणून माझं नाव वाचून पुष्कळांच्या भुवया वर गेल्या. हाच ना तो, ज्यानं तीन वर्षांपूर्वी बाईंना महाडमधून हलवा म्हणून अर्ज केला होता? हो, तोच. अर्ज दोन पानांचा होता, भाषा शुद्ध होती आणि सही माझीच होती. संयोजकांनी बाईंना विचारलं की तुमच्याबद्दल कोणी बोलावं, तेव्हा त्यांनी माझं नाव घेतलं. मी गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, "बाई, अठरा वर्षांत तुम्हाला माझ्यापेक्षा बरा माणूस भेटला नाही का?" त्या म्हणाल्या, "भेटले की. पण त्यांचं काही बोलायचं राहिलेलं नाही." हे वाक्य खिशात घालून मी आठ दिवस फिरतोय. माझं काय बोलायचं राहिलंय ते त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. ते आज बोलायचंच, असं ठरवून आलोय. पण आधी बाईंबद्दल बोलू द्या, कारण समारंभ त्यांचा आहे.

अनुपमाताई मूळच्या दासगावच्या. आमच्याच भागातल्या लेक, हे मी छाती पुढं काढून सांगतो. अठरा वर्षं त्यांनी एचआयव्हीच्या तपासणी केंद्रात समुपदेशक म्हणून काम केलं. कोणी रक्त तपासायला आला की तपासणीच्या आधी त्याच्याशी बोलायचं, निकाल हातात द्यायचा आणि मग त्याच्याशी पुन्हा बोलायचं. ऐकायला केवढं सोपं काम. निकाल वाईट असेल तर तो माणूस खुर्चीतून उठेपर्यंत समोर बसून राहायचं, हे कामाच्या वर्णनात लिहिलेलं नसतं. आणि हे सगळं करारावर. दर वर्षी नवा कागद, दर वर्षी नवी सही. म्हणून आज 'निवृत्ती' म्हणायचं की 'करार संपला' म्हणायचं, यावर संयोजकांमध्ये दोन दिवस वाद चालला होता. मी म्हटलं, निरोप म्हणा आणि मोकळे व्हा.

पुराच्या वर्षी सावित्रीचं पाणी केंद्रात शिरलं, तेव्हा या बाईंनी आपली स्कूटर वाहून जाऊ दिली, पण नोंदवह्यांचं कपाट रिकामं करून सगळ्या वह्या छातीशी धरून वरच्या मजल्यावर नेल्या. मी एकदा विचारलं, "बाई, वह्या भिजल्या असत्या तर काय बिघडलं असतं?" म्हणाल्या, "भिजल्या असत्या तर चाललं असतं. वाहून जाऊन कोणाच्या अंगणात उघडल्या असत्या तर?" तेव्हा मला ते कळलं नव्हतं. आज कळतं.

आता मूळ विषय. तो बोलताना सभेत जरा चुळबुळ होते, होऊ द्या. बाईंच्या कामातला एक मोठा भाग होता पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांचा. समलिंगी पुरुषांचा. साठी उलटल्यावर हा शब्द मी पहिल्यांदा माईकवर उच्चारतोय आणि पाहा, छत जागेवर आहे. शहरातल्या प्रशिक्षणात बाईंना एक फॉर्म दिला होता. असे पुरुष तुमच्या भागात एकमेकांना कुठं भेटतात त्या जागांची यादी करा. फॉर्ममध्ये छापलेले रकाने होते: बार, उद्यान, रेल्वे स्थानक, मसाज पार्लर. आता पोलादपूरच्या डोंगरात मसाज पार्लर कुठून आणायचं? पहिल्या वर्षी बाई प्रामाणिकपणे हायवेवरच्या ढाब्यांवर कंडोमची पाकिटं घेऊन फिरल्या. तिथं त्यांना भरपूर ट्रकवाले भेटले. आपल्या वाड्यांवरचा एकही माणूस भेटला नाही. मग त्यांनी रकाने खोडले आणि हातानं लिहिलं: शिमग्याची पालखी. टेनिस बॉलच्या मॅची. नमन-खेळ्यांची तालीम. एस.टी.ची शेड. वरच्या साहेबांचा फोन आला, "मॅडम, तुम्ही जत्रांचं वेळापत्रक पाठवलंय का?"

शेड का? याचं उत्तर शोधायला त्यांना दोन वर्षं लागली, आणि ते शोधलं कसं ते ऐका. त्या आमच्या बाजूला यायच्या आणि त्यांची एस.टी. चुकायची. रोज चुकायची. गाडी यायची, बाई बसलेल्याच. गाडी जायची, बाई बसलेल्याच. आमच्या गावात त्यांची थट्टा व्हायची की शिकलेली बाई, पण हिला साधी गाडी पकडता येत नाही. बाई मुद्दाम गाड्या सोडत होत्या. बसल्या-बसल्या त्यांच्या लक्षात आलं की आणखीही काहीजण गाड्या सोडतायत.

आमच्या गावात पुरुषाला कुठंही नुसतं बसता येत नाही, मंडळी. पारावर बसला तर चार जण विचारतात, काय रे, काम नाय का. दुसऱ्या वाडीत गेला तर कोणाकडे आलास. नदीवर गेला तर एकटाच कसा. फाट्यावरच्या शेडमध्ये बसलेल्या माणसाला मात्र कोणी काही विचारत नाही. तो गाडीची वाट बघतोय, एवढं पुरतं. त्यात डोंगराच्या पोटात मोबाइलला रेंज नाही, ती फक्त फाट्यावर. आताच्या पोरांची ओळख मोबाइलवर होते आणि भेट शेडमध्ये. तिथं फार काही घडत नव्हतं. दोन माणसं शेजारी बसून बोलत होती, जे त्यांना जगात दुसरीकडं कुठंच बोलता येत नव्हतं. पुढं ती कुठं जायची ती जायची. पण भेटायची तिथं, म्हणून बाईंनी शेडच्या मागं, मोरीच्या दगडाआड, बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ठेवला. त्यात कंडोम, आणि तपासणी केंद्राच्या वेळा लिहिलेल्या चिठ्ठ्या. डबा भरलेला ठेवायची जबाबदारी होती दीपेशची.

दीपेशबद्दल मी जे बोलणार आहे ते त्याच्या परवानगीनं. दोनदा विचारलंय. तो म्हणाला, "काका, माझं नाव सांगा, माझा आजार सांगा, दुसऱ्या कोणाचं काय सांगू नका." दीपेश मुंबईत एका कॅन्टीनमध्ये कामाला होता. तिथंच त्याला एचआयव्हीची लागण झाल्याचं कळलं. लॉकडाऊनमध्ये थोडं चालत, थोडं मिळेल त्या वाहनानं घरी आला आणि राहिला. औषधं चालू होती. महिन्याच्या महिन्याला गोळ्या आणायला जायचा, एकदाही चुकला नव्हता. गावात कोणालाच काही माहीत नव्हतं. आई आणि मुलगा, दोन खणांचं घर, थोडी भातजमीन. बरं चाललं होतं.

आणि मग मी सरपंच झालो.

मित्रहो, सरपंच झालेल्या माणसाला काहीतरी बसवावंसं वाटतं. कोणी कमान बसवतो, कोणी पेव्हर ब्लॉक बसवतो. मी कॅमेरे बसवले. चार. त्यातला सगळ्यात महागडा फाट्यावर, थेट शेडकडे तोंड करून. चित्र यायचं ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर. काय सांगू तुम्हाला, गावाची काय करमणूक झाली. दुपारी जेवून म्हातारी माणसं कार्यालयात येऊन टीव्हीसमोर बसायची. गाडी आली का, कोण उतरलं, कोणाच्या पिशवीत काय आहे, कोणाची सून माहेराहून किती दिवसांनी आली. शेजारच्या गावचे सरपंच बघायला आले. मी त्यांना चहा पाजून सगळं दाखवलं. माझी मान ताठ होती.

एक दिवस दुपारी आमचे शिपाई गोमाजी मला म्हणाले, "सरपंच, ह्यो ठकूबाईचा दीपेश बगा. तीन गुरवार झाले, गाडी येते नि जाते, ह्यो चढत नाय." मी बघितलं. दीपेशशेजारी दुसरा एक माणूस होता, डोक्याला टोपी, तोंड पलीकडं. दीपेशनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं. बस, एवढंच. डोकं टेकलं होतं. मी खिशातून मोबाइल काढला, टीव्हीवरच्या चित्राचा व्हिडिओ केला आणि गावच्या ग्रुपवर टाकला. दोनशे चौदा माणसं त्या ग्रुपवर, मुंबईतलं मंडळ धरून. खाली लिहिलं: 'आपल्या फाट्यावर काय चालतं ते ग्रामस्थांनी पाहावे.' आपण शिवी दिली नाही, सभ्य भाषेत लिहिलं, याचं मला त्या वेळी कौतुक वाटलं होतं. लाज वाटते हे सांगताना, पण वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी दीपेश गावात नव्हता.

शेडची साफसफाई करायला लावली, तेव्हा तो पत्र्याचा डबा सापडला. डबा हातात घेऊन मी महाडला आलो, बाईंच्या टेबलावर आपटला. म्हटलं, "हा काय प्रकार आहे? कोणकोण येतं तिथं? मला यादी द्या. मी बंदोबस्त करतो." बाईंनी झाकण उघडून आतली पाकिटं ठीक आहेत का ते बघितलं. मग म्हणाल्या, "यादी मिळणार नाही. द्यायची म्हटलं तरी कायद्यानं देता येत नाही, आणि कायदा नसता तरी दिली नसती. बसा, चहा घ्या." मी बसलो नाही. म्हटलं, "मी गावाचा प्रमुख आहे. माझ्या गावात आजार पसरतोय आणि तुम्ही त्याला जागा पुरवता?" त्यावर त्या जे बोलल्या ते मी शब्दाला शब्द सांगतो, कारण नंतर मी ते पुष्कळदा स्वतःला ऐकवलंय. "सरपंचसाहेब, जागा काढून घेतली म्हणून माणसं एकमेकांना भेटायची थांबत नाहीत. ती घाईत भेटतात, भीत-भीत भेटतात, ओळख नसलेल्याला भेटतात. घाईत कंडोम कोण काढतो? काल मला माहीत होतं माझी माणसं कुठं आहेत. आज माहीत नाही. मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी आहे. तो कॅमेरा काढा."

कॅमेरा काढा. मला. ज्यानं उद्घाटनाला नारळ फोडला त्याला. मी तडक घरी गेलो आणि तो दोन पानी अर्ज लिहिला.

अर्जाचं काय झालं तेही सांगतो. सरकारी पद्धतीप्रमाणं तो फिरत-फिरत अभिप्रायासाठी बाईंच्याच टेबलावर आला. स्वतःविरुद्धच्या तक्रारीवर स्वतः अभिप्राय. बाईंनी लिहिलं: 'अर्जदार गावाच्या काळजीपोटी लिहीत आहेत. त्यांना केंद्रात बोलावून माहिती देण्यात यावी.' मला हे वर्षभरानं कळलं. त्या दिवशी मी जेवलो नाही.

पण मला शहाणं केलं ते बाईंनी नाही. त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत, त्यांनी. ठकूबाई, बोलू का? मान हलवतायत, म्हणजे बोल म्हणतायत.

दीपेश गेल्याच्या चौथ्या दिवशी ठकूबाई ग्रामपंचायतीत आल्या. मला वाटलं, भांडायला आल्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, तू सगल्या गावाला माजा पोर दावलास. आता मला दाव." मला कळेना. त्यांनी टीव्हीकडं बोट केलं. "हितं गाडीतून उतरलेला मानूस दिसतो ना? मग मी हितंच बसते." आणि बसल्या. सकाळी पहिल्या गाडीच्या वेळेला यायच्या, दुपारी पदरात बांधून आणलेली भाकरी खायच्या, शेवटची गाडी गेली की उठायच्या. गाडी थांबली की पुढं सरकायच्या. नजर कमी, म्हणून पार टीव्हीला नाक लावून बघायच्या. गाडी सुटली की मागं सरकून बसायच्या. ती करमणुकीला येणारी म्हातारी माणसं एकेक करून यायची बंद झाली. गोमाजी बाहेर ओट्यावर जाऊन बसू लागले. कार्यालयात राहिलो आम्ही दोघं, ठकूबाई आणि मी, आणि तो टीव्ही. एकोणीस दिवस.

एकदाही त्या मला वाकडा शब्द बोलल्या नाहीत. एकदा फक्त म्हणाल्या, "गोल्या घेऊन गेलाय का नाय, काय म्हायत. कपाटात बाटली तशीच हाय." कसल्या गोळ्या, असं मी विचारलं. त्यांनाही माहीत नव्हतं. "ताकदीच्या म्हनायचा," असं म्हणाल्या. शेडमागचा डबा, त्यातल्या चिठ्ठ्या आणि ही बाटली माझ्या डोक्यात एकत्र आली आणि उजेड पडला, की मी नेमकं काय केलंय.

विसाव्या दिवशी मी बाईंना फोन केला. म्हटलं, "बाई, सापडेल का तो?" त्या म्हणाल्या, "कोण? तुम्ही कोणाबद्दल विचारताय ते मी विचारत नाही. पण कोणी मला भेटलंच, तर त्याला काय सांगू? कॅमेरा आहे म्हणून सांगू का नाही म्हणून सांगू?"

आता माझ्या गावाबद्दल बोलू द्या, कारण इथं मला गावाचा अभिमान वाटतो, आणि तो मी लपवणार नाही. मी ग्रामसभा बोलावली. मनात धाकधूक होती. शेडवरचा कॅमेरा काढायचा ठराव मांडायचा आणि कारण काय सांगायचं? मी आपलं सुरू केलं, तांत्रिक अडचण, विजेचं बिल. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आमची अनसूया वहिनी उठली. "सरपंच, बिलाचं सोडा. आमी गाडीची वाट बगत बसतो नि तुमी हितं आमाला बगत बसता, ह्ये काय बरं हाय? आमी काय चोर हाव?" सगळ्या बायका एका सुरात हो म्हणाल्या. मग कोपऱ्यातून गोमाजी उठले. त्या माणसानं आयुष्यात ग्रामसभेत तोंड उघडलं नव्हतं. म्हणाले, "मीच दावला सरपंचांना. ठकूबाईचा पोर. आमचा चुकला. काडा तो." ठराव एकमतानं मंजूर. शिडी लावून कॅमेरा मी स्वतः उतरवला. आज तो सोसायटीच्या खताच्या गोदामावर आहे, उंदरांवर नजर ठेवतो.

महाडात उभं राहून, जागा कोणाची आणि कोणी कुठं बसावं, यावर मी भाषण देणं बरं दिसत नाही. चवदार तळं इथून दहा मिनिटांवर आहे. ज्यांना समजायचं त्यांना समजेल.

बाईंनी दीपेशला शोधलं. मी म्हटलं, मी गाडी करतो, सोबत येतो. म्हणाल्या, "तुम्ही नको. तुम्हाला बघून तो आणखी पुढं जाईल." एकट्या गेल्या, चार वेळा गेल्या. आमच्या गावची मुंबईत खोली आहे, नोकरीला जाणारी पोरं तिथंच उतरतात. तिथं त्याला ठेवून घेतलं नव्हतं, कारण व्हिडिओ तिथंही पोचला होता. तो चिपळूणला एका मंगल कार्यालयात भांडी घासत होता. गोळ्या बंद होऊन तीन महिने झाले होते, खोकला होता, वजन निम्मं झालं होतं. क्षयरोग. बाईंनी त्याला दवाखान्यात भरती केलं, पुन्हा औषधं सुरू केली. पाच महिन्यांनी तो फाट्यावर एस.टी.तून उतरला. टीव्हीवर कोणी बघितलं नाही. ठकूबाई स्वतः शेडमध्ये उभ्या होत्या.

आज त्याच्या तपासणीत विषाणू सापडत नाही, इतका तो कमी झालाय. बाईंनी मला बजावून सांगितलंय की हे नीट सांगा, म्हणून सांगतो. गोळ्या रोज घेतल्या आणि तपासणीत विषाणू न सापडण्याइतका खाली राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. ही सहानुभूतीची गोष्ट नाही, डॉक्टरांची गोष्ट आहे. कासारेसाहेब मान हलवतायत, म्हणजे बरोबर बोललो.

आणि दीपेश आता एका संस्थेचा क्षेत्र कार्यकर्ता आहे. पोलादपूरच्या बाजूच्या बावीस वाड्या त्याच्याकडे आहेत. गेल्या वर्षीची कल्पना त्याचीच. शिमग्याला सगळी मुंबई गावात येते. तो म्हणाला, "काका, पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर असताना तपासणीचं टेबल लावू. पण काही ठरावीक माणसांना बोलवायचं नाय. अख्ख्या गावाचा रक्त तपासायचा." म्हणजे रांगेत कोण कशासाठी उभा आहे हे देवालाही कळू नये. पहिला हात मी पुढं केला. दुसरा गोमाजींनी. तिसरा अनसूया वहिनींनी, आणि सुई टोचताना त्यांनी असा आवाज केला की ढोलवाले थांबले. एकशे त्रेसष्ट माणसांची तपासणी झाली, मंडळी. त्यात कोणाचं काय निघालं, ते मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. पूर्वीचा सयाजी उतेकर असता तर त्यानं यादी मागितली असती.

त्या व्हिडिओतला टोपीवाला माणूस कोण होता, हेही मला आजपर्यंत माहीत नाही. माझ्या गावचा असेल. माझ्या भावकीतला असेल. आज दाराजवळ उभा असेल. बाईंना माहीत असेल, तर त्या ते सोबत घेऊन घरी चालल्या आहेत, आणि त्यांच्याकडून ते कोणी काढून घेऊ शकत नाही, पुरानंसुद्धा नाही. अशी बाई आमच्या तालुक्यात अठरा वर्षं राबली. बाई, आम्ही तुम्हाला आज शाल आणि श्रीफळ देतो, कारण त्याहून काय द्यायचं ते आम्हाला सुचलं नाही.

अध्यक्षमहोदय, चिठ्ठी पोचली. आटोपतो.

माझं राहिलेलं बोलणं आता बोलतो. दीपेश, तू परत आलास त्या वर्षी भातकापणीला मी तुझ्या शेतावर दोन माणसं पाठवली. तुझ्या घरावरचे पत्रे बदलायला मदत केली. शिमग्याला तुझ्या टेबलाशी पहिला उभा राहिलो. तू मला काका म्हणतोस, मी तुला जेवायला बोलावतो. या सगळ्याला मी माफी मागणं समजत होतो. नव्हतं ते. ते मला सोपं जात होतं म्हणून करत होतो. तीन वर्षांत तुझ्याकडं बघून दोन शब्द बोलायला मला जमलं नाही. मी तो व्हिडिओ ग्रुपवरून पुसला, पण मी चुकलो असं एकदाही कुठं लिहिलं नाही, कोणासमोर बोललो नाही.

भाषणाच्या शेवटी म्हणायची रीत आहे, की बोलताना काही कमीजास्त झालं असल्यास उदार मनानं पोटात घालावं. माझं कमीजास्त बोलण्यात झालेलं नाही. दीपेश, मी तुझा घात केला. गावासमोर केला, म्हणून गावासमोर सांगतो. तुझी, ठकूबाईंची, आणि त्या दुसऱ्या माणसाची, तो जिथं असेल तिथं, मी माफी मागतो.

तू आज काही उत्तर देऊ नकोस. इथं शंभर माणसं बसली आहेत, ती तुझ्या तोंडाकडं बघतील आणि तुला हो म्हणावं लागेल. पुन्हा एकदा सगळ्यांच्या नजरेत तुला मीच उभा केल्यासारखं होईल. तू घरी जा, महिनाभर विचार कर, वर्षभर कर. नाही म्हणालास तरी मी फाट्यावर भेटल्यावर नमस्कार करीन.

अध्यक्षमहाराज, सर्व मान्यवर, माईकची व्यवस्था बघणारे बंधू, जिन्यावरून खुर्च्या वाहून आणणारी मंडळी आणि हे सगळं शांतपणे ऐकून घेणारे श्रोते, आपला ऋणी आहे. अनुपमाताई, सुखानं जा. आणि एक नम्र विनंती, मी खाली बसेपर्यंत कोणी टाळ्या वाजवू नका. बसल्यावर वाजवायच्याच असतील, तर त्या बाईंसाठी वाजवा.

नमस्कार.